गाईडशी नातं कसं सांभाळायचं: गोव्यात पीएचडी करणाऱ्यांसाठी, नाव टाकण्यापासून व्हायवापर्यंत

पीएचडीची जाहिरात आली की लोक टॉपिक शोधायला लागतात, सिनॉप्सिस कसा लिहायचा ते विचारतात, एंट्रन्सच्या नोट्स मागतात, आणि गाईडचा विषय निघाला की "कोण मिळतील ते मिळतील" एवढ्यावर थांबतात. मला हे अजिबात पटत नाही. टॉपिक पुढे बदलतो, मेथडॉलॉजी बदलते, पण गाईड बहुतेक वेळा तेच राहतात, आणि पुढची चार-पाच वर्षं तुमची प्रत्येक सही, प्रत्येक चॅप्टर, फेलोशिपचा प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावरून जाणार असतो.

मी गोव्यातच पीएचडी केली, आता कॉलेजात शिकवते, आणि आजूबाजूला इतक्या जोड्या जुळताना आणि मोडताना बघितल्यात की माझं मत आता पक्कं झालंय. गाईड स्वभावाने गोड आहेत की कडक, यापेक्षा तुमच्या दोघांत काय ठरलंय आणि जे ठरलंय ते कुठे लिहिलेलं आहे का, यावर सगळं चालतं. गोड सरांकडे सहा-सहा वर्षं अडकलेली मुलं आहेत, आणि कडक म्हणून नाव असलेल्या मॅडमकडून वेळेत सुटलेलीही आहेत.

आपल्याकडे गोव्यात तर हे जास्तच सांभाळावं लागतं कारण गोवा एवढासा. गाईडनीच तुम्हाला एमएला शिकवलेलं असतं, त्यांची बहीण तुमच्या मावशीच्या शाळेत असते, जत्रेला भेटतात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटतात, आणि उद्या तुम्ही लेक्चर बेसिसवरून रेग्युलर पोस्टसाठी इंटरव्ह्यूला बसाल तेव्हा समोर त्यांच्या ओळखीचंच कोणीतरी असतं. त्यामुळे मनातलं कोणी बोलतच नाही, सगळं साठत जातं आणि चौथ्या वर्षी फुटतं. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत, आणि त्यातल्या पहिल्या तीन नीट केल्या तर पुढच्या बऱ्याचशा सोप्या जातात.

पायरी १: नाव टाकण्याआधी गाईडची नीट माहिती काढा

शोधगंगा ही इन्फ्लिबनेटची साईट आहे, देशभरातल्या विद्यापीठांचे थिसिस तिथे फुकट वाचता येतात. तिथे गाईडच्या नावाने सर्च करा. त्यांच्या हाताखालचे किती थिसिस झालेत, कुठल्या विषयांवर, शेवटचा कधी सबमिट झाला, हे बघा. रजिस्ट्रेशनचं आणि सबमिशनचं वर्ष दिलेलं असेल तर मधलं अंतर मोजा. मग एकदोन थिसिस डाउनलोड करून संदर्भसूची उघडा, शेवटच्या पाच-सात वर्षांतलं वाचन त्यात आहे का हे पाहिलं की गाईड किती लक्ष घालतात याचा बराच अंदाज येतो. ऋणनिर्देशही वाचा. सगळेच आभार मानतात, पण "सरांनी दुसऱ्या चॅप्टरची रचना तीनदा बदलून घेतली" असं काहीतरी ठोस लिहिलेलं असलं तर समजायचं की इथे काम झालंय.

दुसरं म्हणजे जागा. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांप्रमाणे एका वेळी प्रोफेसरकडे जास्तीत जास्त ८, असोसिएट प्रोफेसरकडे ६ आणि असिस्टंट प्रोफेसरकडे ४ स्कॉलर असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नवीन स्कॉलर घेता येत नाही. हे थेट विचारण्यात काहीच गैर नाही, "सर, तुमच्याकडे आता किती जण आहेत आणि त्यातले किती सबमिशनच्या जवळ आहेत?" असं विचारा. आठ जण भरलेले आणि आठही अर्धवट, तर तुमचा चॅप्टर कधी वाचला जाणार याचं गणित तुम्हीच करा. आणि वय बघून गाईड निवडत असाल तर एवढं लक्षात ठेवा की निवृत्तीनंतर त्यांना को-गाईड म्हणून राहता येतं, तेही वयाच्या सत्तरीपर्यंतच, म्हणजे मधेच मुख्य गाईड दुसरेच कोणीतरी होणार.

तिसरं, सीनियर स्कॉलर. यांना फोनवर विचारू नका, फोनवर सगळे "सर मस्त आहेत" म्हणतात. ताळगावच्या पठारावर युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनमध्ये चहा घेत बसा आणि छोटे छोटे प्रश्न विचारा. ड्राफ्ट दिला तर किती दिवसांनी परत येतो? परत येतो तेव्हा त्यावर काय लिहिलेलं असतं, नुसत्या स्पेलिंगच्या चुका की मुद्द्यावर प्रश्न? पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागतं? मधेच सोडून गेलेलं कोणी आहे का आणि का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायच्या आधी समोरचा किती वेळ गप्प राहतो तेही बघा.

मोठं नाव म्हणून धावू नका एवढंच माझं सांगणं. नाव मोठं असलेले गाईड दिल्लीच्या कमिट्यांवर असतात, विमानात असतात, आणि तुम्ही इथे वाट बघत असता. पण त्यांनी एखादा चांगला को-गाईड दिला आणि आधीच्या मुलांचं वेळेत झालंय असं दिसलं तर जरूर जा.

पायरी २: पहिल्या महिन्यातच बसून ठरवून घ्या

ॲडमिशन झाल्यावर सगळेजण थेट टॉपिकवर बोलायला लागतात. त्याआधी एक तासभराची भेट फक्त कामाची पद्धत ठरवायला मागा. लाज वाटते हे मला कळतं, आपल्याकडे सरांना "आपण नियम ठरवूया" म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. म्हणून असं बोला: "सर, मला तुमच्या कामाच्या पद्धतीप्रमाणे माझं वेळापत्रक लावायचंय, म्हणून दोनचार गोष्टी विचारून घेते." यावर रागावलेला गाईड मी अजून पाहिलेला नाही.

काय काय विचारायचं? भेट किती दिवसांनी आणि कुठल्या वारी. तातडीचं असेल तर व्हॉट्सॲप करू की फोन, आणि रात्री किती वाजेपर्यंत. ड्राफ्ट ईमेलवर पाहिजे की प्रिंट काढून, कारण अजून खूप गाईड कागदावरच नीट वाचतात आणि पीडीएफ पाठवला की तो इनबॉक्सच्या तळाला जातो. ड्राफ्ट वाचायला साधारण किती दिवस लागतील. वर्षातले त्यांचे अडचणीचे महिने कुठले, म्हणजे परीक्षा, पेपर तपासणी, नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी) टीम येणार असेल तर तो काळ, आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. चवथीच्या आधीच्या आठवड्यात पाठवलेला चॅप्टर कोणी वाचत नाही, तुम्हीही वाचणार नाही.

मग विषयाप्रमाणे प्रश्न बदलतात. इतिहासवाल्यांनी भाषेचं पहिल्या महिन्यातच बोलून घ्या. पणजीतल्या पुराभिलेखागारातले कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, मोडीत आहेत, आणि तुम्हाला त्यातली एकही लिपी वा भाषा वाचता येत नसेल तर ती शिकायला जो वेळ जाईल तो कामाचाच वेळ आहे, हे गाईडनी मान्य केलंय हे आधी कळलं पाहिजे, नाहीतर पहिल्या वर्षाच्या शेवटी "तू वर्षभर केलंस काय?" हा प्रश्न येतो. समुद्रावर काम करणाऱ्यांचं वेगळंच. पावसाळ्यात होडी जात नाही, १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते म्हणजे ट्रॉलरवरून सॅम्पल मिळत नाहीत, आणि दोनापावलाच्या एनआयओत (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) किंवा वास्कोला सड्यावरच्या एनसीपीओआरमध्ये (ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात) असाल तर जहाजाच्या फेऱ्या ठरलेल्या असतात, त्यात जागा मिळणं तुमच्या हातात नसतं. एक मोसम हुकला की एक वर्ष गेलं. म्हणून सॅम्पलिंगचं कॅलेंडर गाईडबरोबर बसून पहिल्या महिन्यातच करा आणि एखादी फेरी हुकली तर पर्याय काय तेही त्याच कागदावर लिहा.

पार्टटाईम करणाऱ्यांनी, म्हणजे कॉलेजात शिकवत शिकवत करणाऱ्यांनी, आपलं टाईमटेबल गाईडना दाखवा. २०२२ च्या नियमांत पार्टटाईम पीएचडी चालते, नोकरीच्या ठिकाणाहून एनओसी लागते. पण काणकोणहून किंवा वाळपईहून दोन बस बदलून पठारावर यायला अर्धा दिवस जातो हे गाईडच्या लक्षात असेलच असं नाही. "मंगळवारी मला दुपारनंतर लेक्चर नाहीत, मंगळवार चालेल का?" एवढं विचारलं तरी पुढचा किती त्रास वाचतो.

पायरी ३: भेटीनंतर त्याच दिवशी मेल

सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

भेटीला जाताना एक पान घेऊन जा. वर तारीख, मग मागच्या भेटीपासून काय झालं ते चार ओळींत, मग कुठे अडलंय, आणि खाली ज्यांची उत्तरं आज पाहिजेत असे दोन किंवा तीनच प्रश्न. दहा प्रश्न नेले तर पहिल्या दोनांवरच वेळ जातो आणि महत्त्वाचा नववा असतो. पान गाईडच्या हातात द्या, त्यांना वाचू द्या, तोवर गप्प बसा.

आणि घरी आल्यावर, बसमध्ये असलात तरी चालेल, पण त्याच दिवशी, असा मेल टाका:

"नमस्कार सर,
आजच्या चर्चेत मला जे समजलं ते लिहितेय, काही चुकलं असेल तर सांगा.
१. दुसऱ्या चॅप्टरमधला मानशींच्या (बांधावरच्या पाण्याच्या दारांच्या) लिलावाचा भाग काढून तिसऱ्यात घ्यायचा.
२. मुलाखती फक्त तिसवाडीत न घेता सासष्टीतल्या दोन गावांतही घ्यायच्या, गावं मी सुचवायची.
३. सुधारलेला ड्राफ्ट मी २० तारखेला देणार, तुम्ही महिनाअखेरपर्यंत बघणार.
४. सेमिनारला ॲबस्ट्रॅक्ट पाठवायचं की नाही हे पुढच्या भेटीत.
पुढची भेट मंगळवारी ११ वाजता."

एवढंच. यात तक्रार नाही, कोणाला अडकवणं नाही. पण सहा महिन्यांनी सर म्हणाले की "सासष्टी कशाला घेतलीस, मी तर तिसवाडीच म्हटलं होतं", तर तुम्हाला वाद घालावा लागत नाही, तो मेल परत फॉरवर्ड करून "सर, तेव्हा असं ठरलं होतं, आता बदलायचं का?" असं विचारता येतं. गाईडही माणूस आहेत, आठ जणांचे आठ विषय फिरताहेत त्यांच्या डोक्यात, विसरणं साहजिक आहे. डिचोलीची माझी एक मैत्रीण सगळी वर्षं हे करत राहिली, आणि नंतर तिच्या मॅडमनीच नव्या मुलांना सांगायला सुरुवात केली की मला असा मेल पाठवत जा, मला बरं पडतं.

व्हॉट्सॲपवर ठरलेलंही आठवड्यातून एकदा मेलमध्ये उतरवा. फोन हरवतो, चॅट डिलीट होतं, आणि "ओके" वरच्या अंगठ्याचा अर्थ नंतर कोणालाच आठवत नाही.

पायरी ४: ड्राफ्ट देणं, आणि लाल शाईत परत घेणं

चॅप्टर परफेक्ट झाल्यावरच दाखवायचा असं ठरवून बसलेले खूप जण आहेत, आणि तेच सगळ्यात जास्त अडकतात. पंधरा पानं झाली की द्या. पण नुसती फाईल पाठवू नका, वर लिहा की तुम्हाला काय पाहिजे: "यातली भाषा अजून कच्ची आहे, फक्त मुद्द्यांचा क्रम बरोबर आहे का बघा." नाहीतर गाईड स्वल्पविराम दुरुस्त करत बसतात आणि पुढच्या वेळी म्हणतात की मुळात हा चॅप्टरच नको.

पान लाल होऊन आलं की पहिल्या दिवशी उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी वहीत तीन रकाने काढा, एकात गाईडची कॉमेंट, दुसऱ्यात तुम्ही काय केलंत, तिसऱ्यात जिथे पटलं नाही तिथे का पटलं नाही. हा तक्ता सुधारलेल्या ड्राफ्टसोबत पाठवा. जर्नलच्या रिव्ह्यूअरना आपण असंच उत्तर देतो, मग गाईडना का नाही? आणि हो, पटलं नाही तर लिहायचंच. विषयात वर्षभर बुडालेले तुम्ही आहात, काही ठिकाणी तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत असणारच आणि चांगल्या गाईडला ते आवडतं, फक्त पुरावा दाखवून बोला.

ड्राफ्ट परत येतच नाही, ही तर घरोघरची कथा. ठरलेली तारीख गेली की तीनचार दिवस थांबा, मग साधं रिमाइंडर. मग आठवड्याने दुसरं, त्यात एक छोटा पर्याय द्या: "सर, पूर्ण चॅप्टर बघायला वेळ नसेल तर पान ६ ते ११ एवढंच बघाल का, बाकीचं त्यावर अवलंबून आहे." तिसऱ्यांदा मेल नको, केबिनबाहेर जाऊन उभे राहा. कॉरिडॉरमध्ये सर समोरून आले आणि "कितें गो, चॅप्टर खंय पावलो?" (काय गं, चॅप्टर कुठे पोचला?) असं त्यांनीच विचारलं, तर "तुमच्याकडेच आहे सर, बारा तारखेला दिलेला" हे हसत पण स्पष्ट सांगायचं. "चाललंय सर" म्हणून निघून गेलात तर त्यांच्या हिशोबात काम तुमच्याकडेच राहिलं.

पायरी ५: आरएसी ही तुमच्यासाठीच असते

रिसर्च ॲडव्हायजरी कमिटी, आपण आरएसी म्हणतो. एनआयओत ॲकसरमधून (सीएसआयआरच्या संस्थांमधली पीएचडी देणारी अकादमी) करणाऱ्यांकडे किंवा झुआरीनगरला बिट्समध्ये तिला डीएसी म्हणतात. यूजीसीच्या नियमाप्रमाणे दर सेमिस्टरला एकदा या कमिटीपुढे प्रगती मांडायची असते, गाईड स्वतः तिचे कन्व्हीनर असतात, आणि प्रगती समाधानकारक नसेल तर कमिटीने कारणं लिहून काय सुधारायचं ते सांगायचं असतं. सुधारणा केलीच नाही तर रजिस्ट्रेशन रद्द करण्याची शिफारससुद्धा होऊ शकते. रिपोर्टची प्रत स्कॉलरला मिळाली पाहिजे. ती मागून घ्या आणि जपून ठेवा, पुढे कधी एक्स्टेन्शन लागलं किंवा गाईड बदलावे लागले तर पहिला कागद तोच मागतात.

बहुतेक मुलं आरएसीला परीक्षा समजून घाबरत जातात आणि सगळं छान चाललंय असं दाखवतात. तसं करू नका. अडचण आहे ती तिथे मांडा, पण गाईडना आधी सांगून मांडा. "मॅडम, लॅबमधलं मशीन चार महिने बंद आहे हे मी आरएसीत सांगणार आहे, तुम्हाला चालेल ना?" यात मॅडमची तक्रार नाही, उलट त्यांनाही डिपार्टमेंटकडे मागणी करायला आधार मिळतो. कमिटीपुढे गाईडना अचानक तोंडघशी पाडलंत तर मात्र ते नातं पुन्हा सरळ व्हायला फार वेळ लागतो.

आणि कमिटीतल्या बाकीच्यांशी मधेमधे बोलत राहा. पुढे गाईडशी बिनसलं तर तुमचं काम माहीत असलेली तीच माणसं असतात.

पायरी ६: पेपर, नावं आणि डेटा

२०२२ च्या नियमांनी थिसिसआधी पेपर छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्ती काढली, पण तुमच्या संस्थेचा स्वतःचा नियम असू शकतो तो ऑर्डिनन्समध्ये, म्हणजे संस्थेच्या पीएचडी नियमावलीत, वाचून घ्या. पेपर लिहिणार असाल तर नावांचा क्रम लिहायला सुरुवात करायच्या आधी ठरवा, छापायला जाताना नाही. मेडिकल जर्नल्सच्या संपादकांनी घालून दिलेली कसोटी बहुतेक विषयांत वापरता येते: कामात खरा सहभाग, लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, शेवटच्या मसुद्याला संमती, आणि सगळ्या मजकुराची जबाबदारी घ्यायची तयारी, या चारही गोष्टी असतील तो लेखक. निधी आणला, विभागप्रमुख आहे, लॅब त्यांची आहे, एवढ्यावर नाव लागत नाही, आभारात जातं. तुमच्या थिसिसमधून निघालेल्या पेपरवर पहिलं नाव तुमचंच असावं हे माझं स्पष्ट मत. विज्ञानात गाईडचं नाव शेवटी येतं आणि ते योग्यच आहे. मराठी, कोंकणी, इतिहास अशा विषयांत बरेच गाईड आपलं नाव घालतच नाहीत, तिथे विचारून घ्या आणि तळटिपेत आभार माना.

"हा जर्नल पैसे भरले की आठ दिवसांत छापतो" असं कोणी सुचवलं, गाईडनी सुचवलं तरी, नाही म्हणा. यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे जर्नल चांगला की वाईट हे आता तुम्हाला आणि गाईडना मिळून बघावं लागतं, संपादक मंडळ कोण, आधीचे अंक कसे, ते वाचून.

प्लेजरिझमचं, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर उचलण्याचं, तर आधीच बोलून ठेवा. २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये वर्षभर सबमिशन बंद, आणि ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. चेक शेवटी एकदम करू नका, प्रत्येक चॅप्टर झाला की करा.

डेटाची एक कॉपी तुमच्याकडे, एक लॅबच्या हार्ड डिस्कवर. प्रोजेक्टच्या पैशातून गोळा केलेला डेटा तुमच्या एकट्याचा नसतो, तो पुढे कोण वापरणार आणि कसं श्रेय देणार हेही त्या भेटीनंतरच्या मेलमध्ये येऊ द्या.

पायरी ७: कामाबाहेरची कामं

हा विषय नाजूक आहे आणि म्हणूनच कोणी लिहीत नाही. नियमात स्कॉलरला आठवड्याला ४ ते ६ तास ट्युटोरियल, लॅब, तपासणी असं असिस्टंटशिपचं काम देता येतं. ते करा, शिकायला मिळतं, इंटरव्ह्यूला उपयोग होतो. सेमिनारच्या वेळी पाहुण्यांना दाबोळी विमानतळावर आणायला जाणं, जेवणाची सोय बघणं, हेही एखाद्या वेळी ठीक आहे, सगळेच करतात.

गाईडच्या मुलीचं लग्न असेल तर जा, पंगतीत वाढावंसं वाटलं तर आनंदाने वाढा, गोव्यात आपण शेजाऱ्याच्या लग्नातही वाढतो. पण त्यांच्या मुलाचे कॉलेजचे असाइनमेंट लिहिणं, बँकेची कामं, दर शनिवारी त्यांचे पेपर तपासणं, त्यांच्या पुस्तकाचं टायपिंग, हे तुमचं काम नाही. नाही म्हणायचं असेल तर कारणांची यादी देऊ नका, तुमचं काम पुढे करा: "सर, हा आठवडा चौथा चॅप्टर पूर्ण करायचाय, २० तारीख दिलीय तुम्हाला, त्यामुळे हे नाही जमणार." दोनदा असं म्हटलं की बहुतेक गाईड समजतात. आणि सहीसाठी, रिपोर्टसाठी किंवा व्हायवासाठी पैसे वा महागड्या भेटवस्तू, यात काहीही द्यायचं नाही, कितीही लोकांनी "असंच असतं" म्हटलं तरी. असं मागणं झालं की ती तक्रारच आहे.

फेलोशिपवाल्यांनी सह्यांचं आधीच नियोजन करा. जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि एसआरएफ (सीनियर) ४२,००० रुपये आहे. दोन वर्षांनी एसआरएफ व्हायला कामाचं मूल्यमापन लागतं, म्हणजे गाईड परगावी जाणार असतील तर महिनाभर आधी कागद तयार पाहिजेत. घरभाडं देणाऱ्या मुलांना दोन महिने उशीर म्हणजे काय ते सांगायला नको.

पायरी ८: बिनसलं तर

आधी ठरवा की बिनसलंय कशावरून. कामाच्या वेगावरून असेल, तर समोरासमोर बसून बोला, आणि वरच्यासारखा मेल टाका. विषय जमत नसेल, तर को-गाईड घ्यायचा प्रस्ताव ठेवा, यात कोणाचाच मान जात नाही. नातं खरंच संपलं असेल तर गाईड बदलता येतात. क्रम असा ठेवा: आधी आरएसीतल्या एकाशी बोला, मग विभागप्रमुखांशी, मग लेखी अर्ज. अर्जात स्वभावाबद्दल एकही शब्द नको. तारखा घाला, कुठला ड्राफ्ट कधी दिला, कधी परत आला, कुठल्या भेटी झाल्या नाहीत. इथे तुमचे जुने मेल उपयोगी पडतात. नवीन गाईडशी आधी बोलून त्यांची तयारी आहे हे बघूनच अर्ज द्या, नाहीतर मधल्या मधे लटकता.

त्यानेही झालं नाही तर प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनी ते सांगितलंय. समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करता येतं.

लैंगिक त्रास असेल तर वरचा क्रम पूर्ण बाजूला ठेवा. गाईडशी बोलून बघणं नाही, विभागप्रमुख नाही, थेट अंतर्गत तक्रार समिती. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते, मेसेज आणि मेल डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवा. गाव छोटं आहे, लोक काय म्हणतील, ही भीती मला माहीत आहे. तरीही एकट्याने सहन करू नका, घरातल्या किंवा जवळच्या एका माणसाला पहिल्याच दिवशी सांगा.

झोप लागत नाही, युनिव्हर्सिटीच्या गेटपाशी आलं की छातीत धडधडतं, गाईडचा फोन आला की उचलवत नाही, असं होत असेल तर तो आळस नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, आणि बांबोळीला मनोरुग्णालय म्हणून जे ओळखलं जातं त्या आयपीएचबीमध्ये ओपीडी चालते, पठारावरून जवळ आहे. जायला संकोच करू नका.

बायकांसाठी थोडं वेगळं

पीएचडीची मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, री-रजिस्ट्रेशनने आठपर्यंत जाते. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षं मिळू शकतात, म्हणजे दहा. मातृत्व आणि बालसंगोपनासाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. लग्न होऊन पुण्याला-मुंबईला जायची वेळ आली तर काम तिथल्या संस्थेत हलवता येतं, फक्त फंडिंगच्या प्रोजेक्टचा डेटा नसावा आणि आधीच्या गाईडना, संस्थेला श्रेय द्यावं लागतं. गरोदरपणाची गोष्ट गाईडना कधी सांगायची हा तुमचा निर्णय, पण फील्डवर्क किंवा केमिकल असेल तर लवकर सांगा आणि त्याबरोबरच रजेच्या आधी काय संपवणार आणि आल्यावर काय सुरू करणार याचं एक पान द्या. "आता हिचं काही होत नाही" असं बोलणाऱ्यांना ते पान बरोबर उत्तर देतं.

शेवटचं वर्ष

सबमिशनच्या वर्षात गाईड आणि स्कॉलर दोघंही थकलेले असतात आणि भांडणं सगळ्यात जास्त याच वर्षी होतात. सगळ्या उरलेल्या कामांचं एक उलटं कॅलेंडर करा, सबमिशनच्या तारखेपासून मागे: प्री-सबमिशन प्रेझेंटेशन, प्लेजरिझम रिपोर्ट, गाईडचं सर्टिफिकेट, परीक्षकांची नावं. परीक्षकांत कमीत कमी दोन बाहेरचे असतात, त्यांची नावं काढणं गाईडचं काम, तुम्ही त्यात पडू नका, फक्त ते काम वेळेत झालं का एवढं नम्रपणे विचारत राहा. थिसिस दिल्यापासून सहा महिन्यांत मूल्यमापनाची सगळी प्रक्रिया संपावी असं नियमात आहे, तेव्हा चार महिने काहीच कळलं नाही तर गाईडना सांगून परीक्षा विभागात चौकशी करायला हरकत नाही.

व्हायवा खुला असतो, ज्युनियरना बोलवा. आदल्या आठवड्यात गाईडबरोबर एक मॉक घ्या आणि त्यांना सांगा की सगळ्यात वाईट प्रश्न तुम्हीच विचारा.

व्हायवा झाल्यावर महिन्याभरात गाईडबरोबर शेवटची एक कामाची भेट ठेवा. थिसिसमधून अजून कुठले पेपर निघणार, ते कोण लिहिणार, किती महिन्यांत, आणि त्या मुदतीत तुम्ही लिहिला नाहीत तर गाईडनी लिहायचा का, मग नावांचा क्रम काय. मूळ वह्या, मुलाखतींची रेकॉर्डिंग, सॅम्पल कुठे राहणार. रेकमेंडेशन लेटर पाहिजे असेल तर याच भेटीत मागा, आणि मागताना आपला एक पानाचा बायोडेटा आणि कुठल्या पोस्टसाठी ते द्या, कारण दोन वर्षांनी अचानक फोन करून "सर, उद्यापर्यंत पाहिजे" म्हटलं तर चार ओळींचं पत्र मिळतं. आणि घरी आल्यावर, नेहमीसारखा, मेल.